बोडीटोल्याच्या पेटीचा फोटो

टेकचंद मिस्त्री चिडला की आधी गाडी बंद करतो. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला लावायची, चावी खिशात टाकायची आणि मग भांडायचं. चालू गाडीवर बसून भांडणं त्याला कमीपणाचं वाटतं. करडीपासून लाखांदूरपर्यंत आणि वर बपेऱ्यापर्यंत कितीतरी गावांनी त्याची गाडी अशी बंद झालेली पाहिली आहे. राईस मिलची कामं करत तो भंडारा जिल्हाभर फिरतो. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, तांदळात कणी जास्त पडायला लागली की टेकचंदला फोन. हात सोन्याचा पण तोंड फाटकं, असं त्याची बायको गुड्डी म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही.

मिस्त्रीकामात वाट पाहणं फार. लाईन गेली, थांबा. पार्ट भंडाऱ्याहून यायचा आहे, थांबा. दुसरे मिस्त्री अशा वेळी पानठेल्यावर पत्ते कुटतात. टेकचंद मोबाईल काढतो आणि गावात शिरतो. त्याला फोटो काढायचे असतात, आणि तेही देवळाचे किंवा तळ्यावरच्या सूर्यास्ताचे नाहीत. तो काढतो पोस्टाचे. मग जुन्या मैलाच्या दगडाचे, हापशीचे, एसटीच्या थांब्यावर गठुडी घेऊन बसलेल्या बायांचे, कुडाच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गोधडीचे. पण पहिला मान पोस्टाचा.

खेड्यातलं पोस्ट म्हणजे काही इमारत नसते. पोस्टमास्तर जो असेल त्याच्याच घरची ओसरी, तेच पोस्ट. एका खिळ्याला पाटी, भिंतीला लाल पेटी, बाजूला धानाचं पोतं आणि पोत्याला शिंग घासणारी बकरी. मास्तर बदलला की पोस्ट उठून दुसऱ्याच्या घरी जातं. टेकचंदला हेच पाहायला आवडतं, सरकार कोणाच्या घरात कसं राहतं ते.

"ह्याच्यात का आहे बा फोटो काहाडाले?" असं कोणी विचारलं की झालं. टेकचंदचं डोकं सटकलंच म्हणून समजा. कारण त्याच्या मामाचं गाव धरणात गेलं. लहानपणी सुट्टीत तो तिथंच असायचा, पोस्टाच्या ओसरीवर चढून लाल पेटीच्या तोंडात हात घालायचा आणि मास्तरचा मार खायचा. गाव उठलं, पाणी चढलं. पुढं त्याला त्या ओसरीची आठवण आली म्हणून त्याने साऱ्या पावण्यारावळ्यांकडं फोटो मागितला. काय मिळालं? लग्नाचे अल्बम. नवरदेव घोड्यावर, नवरदेव सोफ्यावर, नवरदेवाच्या तोंडात लाडू. अख्ख्या गावाचा एक फोटो कोणाकडं नाही! सोयऱ्यांना तो बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून तो फोटो काढतो आणि फेसबुकवर टाकतो, खाली गावाचं नाव लिहून. नाव लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्या फोटोला अर्थ काय, असं त्याचं म्हणणं.

बोडीटोला हे लाखांदूरच्या पुढचं गाव. बोडी म्हणजे लहान तळं. तळ्याला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि बांध्यांना लागून गाव. गावात शिरताना पहिलंच घर सत्यभामाबाईंचं. त्यांचे मालक तुलारामजी गावचे पोस्टमास्तर होते. ते वारले, पोस्ट नव्या मास्तरीणबाईकडं, डिंपलकडं गेलं. ही वर्ध्याकडची पोरगी, नोकरीसाठी आलेली, शाळेजवळ खोली घेऊन राहणारी. पाटी गेली, वजनकाटा गेला, पेटी मात्र सत्यभामाबाईंच्या भिंतीवरच राहिली. कारण रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत बाया चिखलातून घरी येतात त्या याच वाटेने. बहिणींच्या राख्या त्याच दिवसांत पोस्टात पडायच्या असतात. कोण चिखलाच्या पायाने शाळेपर्यंत जाणार? त्या पेटीवर दर वर्षी चिखलाची बोटं उमटायची आणि सत्यभामाबाई राखी झाली की ओल्या फडक्याने पेटी पुसून काढायच्या. मालक करायचे, म्हणून त्याही करायच्या.

गेल्या उन्हाळ्यात टेकचंद तिथं मिलच्या कामाला गेला होता. त्याने पेटी पाहिली आणि विचारलं, "मावशी, फोटो काढू का? तुम्ही पन उभ्या राहा न बाजूले."

सत्यभामाबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या धुतलेलं लुगडं नेसून, हातात आधार कार्ड घेऊन. पेटीला हात लावून, मान ताठ करून उभ्या राहिल्या. आता हे कोणालाही हसू येण्यासारखं, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या खेड्यात फोटो काढायला येतो कोण? घरकुलवाला येतो, घरासमोर उभं करतो. संडासवाला येतो, संडासासमोर उभं करतो. धान बुडालं तर बांधीत उभं करून फोटो घेतात. फोटो निघाला म्हणजे सरकारात नोंद झाली, हे बोडीटोल्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टेकचंद म्हणाला, "मावशी, आधार राहू द्या, मी सरकारी माणूस नाही." बाई म्हणाल्या, "हव, हव," आणि कार्ड छातीशी धरूनच उभ्या राहिल्या. त्याने क्लिक केलं, चहा प्यायला, फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं: बोडीटोला, तालुका लाखांदूर. झालं. तो विसरून गेला.

यंदा राखीपौर्णिमा होऊन गेल्यावर तो पुन्हा बोडीटोल्याला गेला. गाडीवरूनच त्याला दिसलं, भिंत रिकामी. पेटीच्या जागी पांढरा चौकोन आणि वर दोन खिळे. सत्यभामाबाईंचं दार भरदिवसा लोटलेलं. चहाच्या ठेल्यावर भैय्याजी बसला होता, गावातलं सगळं आपल्याला आधी कळतं असं मानणारा माणूस. त्याने न विचारताच सांगून टाकलं.

"बुढीनं पेटी विकली न बावा. बायांच्या राख्यांसकट विकली. तुलारामजी देवमानूस होते, पन हिनं नाव बुडवलं त्यायचं."

"कोनाले विकली?"

"आता ते तिलेच माहीत. आमच्या केशरबाईनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं. पिकअपवर पेटी चढून राहिली होती आन् हे बाई त्या मानसाले चहा पाजून राहिली होती."

टेकचंदने गाडी बंद केली. चावी खिशात टाकली. पण भांडायचं कोणाशी ते कळेना, म्हणून तो सरळ सत्यभामाबाईंच्या दारात गेला. बाईंनी त्याला पाहिलं आणि ओसरीवर बसा असं काही म्हटलं नाही. उभ्यानेच सुरू झाल्या.

"तुम्हीच पाठवला होता न तो मानूस? काहून पाठवला? मोबाईलमंदी तुमचाच फोटो होता, मी आन् पेटी. म्हने, मिस्त्रीभाऊनं पाठवलं, पेटी रंगवून आनतो. मले वाटलं फोटो झाला होता, आता मंजुरी आली असन. म्या स्वतः एक बाजू धरली पेटीची, त्याच्याच्यानं उचलत नव्हती म्हनून."

"मी नाही पाठवलं कोनाले, मावशी."

"मंग त्याच्याकडं फोटो कुठून आला?"

फेसबुकवरून, आणि खाली गावाचं नाव टेकचंदनेच लिहिलं होतं. बाईंचा आवाज चढत गेला. पेटी गेली तेव्हा डिंपल टपाल घेऊन लाखांदूरला गेली होती. आल्यावर तिने त्याच दिवशी वर कळवलं, चौकशीही सुरू झाली. पण चौकशी आपल्या चालीने चालते आणि गावाचं तोंड धावतं. केशरबाई ही सत्यभामाबाईंची चुलत जाऊ, घराला घर लागून. तिची राखी भावाला पोचली नाही म्हणून तिने विहिरीवर सगळ्यांसमोर म्हटलं, जिनं लाज विकली, तिनं पेटी विकली त्यात का नवल. तेव्हापासून सत्यभामाबाईंना कोणी कार्यप्रसंगाला बोलवत नव्हतं. रोवणीच्या टोळीत त्यांच्या शेजारची जागा मोकळी राहायची.

"आन् माझी राखी पन त्याच पेटीत होती न," बाई म्हणाल्या. "बपेऱ्याले माझा भाऊ आहे, नत्थू. त्यानं फोन केला, म्हने बाई, यंदा विसरली मले? त्याले का सांगू? मी सांगतो सगळ्यायले, माझी पन राखी आत आहे, कोनी ऐकून नाही राहिलं. मले चोर म्हनतात, भाऊ. ह्या वयात चोर म्हनतात."

टेकचंद त्या दिवशी मिलमध्ये गेलाच नाही. परतीच्या वाटेवर त्याने तीनदा गाडी थांबवली आणि तीनही वेळा भांडायला समोर कोणी नव्हतं. स्वतःचा राग आला होता त्याला, आणि स्वतःशी भांडताना चावी काढून काय उपयोग? घरी आल्यावर त्याने गुड्डीला सांगितलं, आजपासून फोटो बंद. मोबाईल फडताळावर ठेवून दिला. गुड्डी म्हणाली, "फोटोनं का केलं तुमचं? चोरी करनाऱ्यानं केली." तो त्या रात्री जेवला नाही. हे पाहून घरात सगळ्यांना धास्ती पडली, कारण हा माणूस उपाशी राहणारा नव्हे.

पेटी सापडली ती त्याच्या मुलीला, खुशबूला. ती भंडाऱ्याला कॉलेजात. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस कुठल्याशा नव्या हॉटेलात झाला, त्याचे फोटो आले. खुशबूने मोबाईल बापासमोर धरला. "बाबा, हा तुमचाच फोटो होय न?"

केक कापणाऱ्या पोरीच्या मागे भिंतभर मोठा फोटो. धुतलेलं लुगडं, छातीशी आधार कार्ड, ताठ मान. खाली रंगीत अक्षरांत लिहिलेलं: आमची लाडकी आजी. आणि फोटोच्या बाजूला प्रत्यक्ष ती लाल पेटी, तिच्यावर झेंडूची माळ.

दुसऱ्या दिवशी रविवार. टेकचंदने बोडीटोल्याहून डिंपलला गाडीवर घेतलं. पोरगी निघताना आपल्या साहेबांना फोन करून निघाली होती, आणि पर्समध्ये तिने पेटीची चावी घेतली होती. हॉटेल हायवेवर, नाव 'गावाकडची ओसरी'. दारात बैलबंडीचं चाक, छताला टांगलेले कंदील, कोपऱ्यात जातं, जात्यावर बिलाची मशीन. टेकचंदने गाडी बंद केली, चावी खिशात टाकली. या वेळी भांडायला माणूस होता.

पेटीसमोर रांग होती हो! पोरं-पोरी एकेक करून फोटो काढत होते. वर पाटी: आपल्या आठवणी इथे पोस्ट करा. कोणी चिठ्ठी टाकत होतं, कोणी हात पुसलेला कागद. एका बाईने आपल्या लेकराच्या हातची आइस्क्रीमची काडी घेतली आणि पेटीच्या तोंडात सारली. त्याच पेटीत बायांच्या राख्या होत्या.

मालक प्रफुल्ल नावाचा, गोड बोलणारा, पांढऱ्या शर्टातला. त्याने आधी थाळी पुढं केली. झाडीपट्टी थाळी म्हणे, आणि त्यात ज्वारीची भाकर! तांदूळ खाणाऱ्या मुलखात हा भाकर विकून राहिला होता, आणि तीही आमचीच म्हणून.

"काका, टेन्शन नका घेऊ," प्रफुल्ल म्हणाला. "आमचा कैलाश गावोगावी फिरून जुन्या वस्तू आनतो. भंगारातून घेतली त्यानं ही. फोटो तुमचा आहे का? मस्त आहे. खाली नाव टाकून देतो तुमचं. आजचं जेवन आमच्याकडून."

"माझं नाव नको. ह्या बाईले विचारलं का, भिंतीवर लावू का म्हनून?"

"काका, आम्ही तर गावाची आठवन जपून राहिलो."

"ज्या गावाची आठवन जपून राहिला, त्या गावात बायांले राखी टाकाले पेटी नाही राहिली. ह्या बाईले, तुह्या लाडक्या आजीले, गावानं चोर ठरवलं. आन् तू तिच्या फोटोखाली केक कापून राहिला."

बोलताना टेकचंदचा आवाज फार चढला नव्हता, पण टेबलांवरचे चमचे थांबले. प्रफुल्ल अजून हसतच होता. म्हणाला, "अशा पेट्या खूप असतात काका. हीच ती, हे कशावरून?"

"भंगाराले कुलूप राहाते का?" टेकचंद म्हणाला. "डिंपल, लाव चावी."

डिंपल रांगेतून पुढं गेली. तिने माळ बाजूला केली, चावी घातली, फिरवली. कुलूप उघडलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि दार न उघडता तिने पुन्हा कुलूप लावून टाकलं.

"काहून बंद केली?" टेकचंद म्हणाला.

"इथं नाही उघडायची, काका. साहेब येऊन राहिले. गावात उघडू, पंचासमोर." ती प्रफुल्लकडं वळली. "आन् तुमच्या कैलाशले बोलावून ठेवा. पोलिसांले विचारायचं आहे त्याले."

पंच कोण, हे मात्र टेकचंदने ठरवलं. साहेब बोडीटोल्याला आले, पेटी पिकअपवरून उतरली, गाव जमा झालं, आणि साहेबांनी पंच म्हणून दोन माणसं मागितली. टेकचंदने बोट दाखवलं. "हे भैय्याजी. आन् ह्या केशरबाई. गावातलं सगळं आपल्या डोळ्यानं पाहातात हे लोक."

दोघांना पेटीच्या अगदी पुढ्यात बसवलं. सत्यभामाबाई आपल्या दारात उभ्या होत्या, पुढं आल्या नाहीत.

डिंपलने पेटी उघडली. आधी पडला तो हॉटेलचा कचरा. कागदाचे बोळे, काड्या, सॉसच्या पुड्या, हृदय काढलेल्या चिठ्ठ्या. बाया नाकाला पदर लावून पाहत होत्या. मग खालून निघाले लिफाफे. चिखल लागलेल्या बोटांचे ठसे वाळून तसेच राहिले होते. डिंपल एकेक पत्ता वाचायची आणि गर्दीतून एकेक बाई हळूच म्हणायची, माझी. केशरबाईंची निघाली, तिच्यावर सॉस सांडलेला. केशरबाईंनी ती पदराने पुसली.

शेवटी एक लिफाफा तळाशी चिकटला होता. डिंपलने तो नखाने सोडवला आणि वाचला. "नत्थूजी, मुक्काम पोस्ट बपेरा, तालुका तुमसर. पाठवणार, सत्यभामा तुलाराम."

भैय्याजी जमिनीकडं पाहत होता. सत्यभामाबाई दारातून चालत आल्या, लिफाफा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला.

"पेटी विकनारी बाई," त्या म्हणाल्या, "आपली राखी त्याच पेटीत टाकन का?"

एवढं साधं होतं. हे सगळ्या गावाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, आणि बाई सांगत होत्या तेव्हा एकाही माणसाने ऐकलं नाही. टेकचंदला रडू येईल की काय असं वाटलं, पण त्याने राग धरून ठेवला. रागच बरा पडतो अशा वेळी.

साहेबांनी कागदपत्र केले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि म्हणाले, पंचनाम्याला फोटो लागेल, कोणी काढतं का? टेकचंद मागं सरकला. मोबाईल त्याच्या खिशात होता, पण फोटो काढायचे नाहीत असं त्याने ठरवलं होतं.

"काहाडा, मिस्त्रीभाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता तर सरकारी फोटो आहे."

"तुम्ही उभ्या राहा, मावशी."

"मी नाही. मागच्या वेळी राह्यली होती, पावलं नाही मले." त्यांनी गर्दीकडं पाहिलं, एकेकाकडं. "ज्यायनं ज्यायनं म्हटलं का बुढीनं पेटी विकली, ते राहा उभे. पेटीले हात लावून. मी राह्यली होती तशा."

गर्दी हलली नाही. मग चहाठेलेवाला पुढं आला. मग दोन बाया. भैय्याजीला टेकचंदने दंडाला धरून आणलं. केशरबाई शेवटी उभ्या राहिल्या, तोंडावर पदर ओढून.

"केशरबाई," टेकचंद म्हणाला, "तोंड दिसू द्या. फोटो आहे."

त्यांनी पदर मागं घेतला. त्याने क्लिक केलं.

पेटी पुन्हा त्याच दोन खिळ्यांवर गेली आणि उशिरा का होईना, राख्या रवाना झाल्या. हा फोटो टेकचंदने फेसबुकवर टाकला नाही. भंडाऱ्याहून मोठा करून आणला, काचेची फ्रेम लावली आणि बोडीटोल्याच्या चहाठेल्यावर स्वतः खिळा ठोकून टांगला. खाली नावं लिहिली, सगळ्यांची, डावीकडून उजवीकडं. भैय्याजी आता दुसऱ्या टोकाच्या ठेल्यावर चहा पितो. केशरबाईंच्या लेकाने टेकचंदला फोन करून दोनदा विनवलं की काका, तो फोटो काढून टाका.

"मले नको विचारू," टेकचंदने सांगितलं. "सत्यभामाबाईले विचार. त्या हव म्हनतील त्या दिवशी काढून टाकीन."

बाई अजून हव म्हणालेल्या नाहीत.